ताटाच्या फोटोवरून कॅलरींचा अंदाज: किशोरवयीन मुलांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘काल दिवसभरात काय खाल्लंस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नेहमीचंच.’ खोदून विचारलं तर पोळी-भाजी, वरण-भात सांगतो. क्लासला जाताना खाल्लेला वडापाव, मित्राच्या पुड्यातले वेफर्स, रात्री अभ्यासाला बसल्यावर डब्यातून काढलेला मूठभर चिवडा यातलं काही सांगत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी ते ‘जेवण’च नसतं. आदल्या दिवशीचं खाणं आठवून सांगायला लावण्याची पद्धत आहारशास्त्रात जुनी आहे आणि अजूनही उपयोगी आहे, पण या वयात ती लंगडी पडते. फोन मात्र या मुलांच्या हाती किंवा घरात असतोच. म्हणून खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर फोटो काढायचा आणि त्यावरून किती खाल्लं याचा अंदाज बांधायचा.

ही पद्धत आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेतल्या पेनिंग्टन बायोमेडिकल रिसर्च सेंटरने फोनवरून ताटाचे फोटो मागवून ते प्रशिक्षित माणसांकडून वाचून घ्यायची रीत बसवली. पर्ड्यू विद्यापीठाच्या गटाने किशोरवयीन मुलांना सोबत घेऊन असंच काम केलं आणि फोटोत मापासाठी रंगीत चौकटींचं एक कार्ड ठेवायला शिकवलं. आपल्याकडे गृहविज्ञान-पोषणशास्त्राचे विद्यार्थी, शाळेत आरोग्याचा प्रकल्प घेणारे शिक्षक आणि नुकतंच काम सुरू केलेले आहारतज्ज्ञ यांना हे करायचं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. फोटोत पदार्थ दिसतो आणि त्याचा आकार दिसतो, कॅलरी दिसत नाहीत. त्या येतात त्या घरच्या स्वयंपाकघरातून आणि मुलाशी झालेल्या बोलण्यातून. नुसते फोटो गोळा करून आकडे काढणाऱ्यांचं काम हमखास चुकतं.

आधी परवानगी

अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती हवीच. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठराखालची व्यक्ती मूल मानली आहे. पालकांनी सही केली म्हणून मुलाला गृहीत धरू नका. त्याला वेगळं विचारा आणि ‘एखाद्या वेळचा फोटो द्यायचा नसेल तर देऊ नकोस, पण दिला नाही एवढं कळव’ असं स्पष्ट सांगा.

फोटोत चेहरा नको, घरातली माणसं नकोत, ओळखपत्र नको. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो कधीही मागवू नका. एकाच्या ताटात तुपाची धार असते, दुसऱ्याच्या ताटात कोरडी भाकरी आणि चटणी असते. ते सगळ्या वर्गाने पाहावं असं कुठल्या मुलाला वाटेल? प्रत्येकाने फक्त तुमच्याच नंबरवर पाठवायचं, नाव न घालता, तुम्ही दिलेला क्रमांक घालून.

आपली मापं ठरवा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला काटा, मोजपात्र आणि वही एवढं पुरतं. काम सुरू करण्याआधी आठवडाभर स्वतःच्या घरी मोजत राहा. तुमच्या वाटीत पाणी किती मावतं? घरोघरच्या वाट्या सव्वाशेपासून दोनशे मिलिलिटरपर्यंत निघतात, म्हणजे ‘एक वाटी वरण’ हे माप झालंच नाही. वाटीत वरण भरून तोला, मग भात दाबून आणि मोकळा भरून तोला. दाबून भरलेल्या आणि मोकळ्या भाताच्या वजनातला फरक पाहिलात की नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं बंद होईल.

प्रत्येक मुलाच्या घरी एकदा, शक्य असेल तर स्वतः जाऊन, चार भांडी मोजा: त्याचं ताट, वाटी, प्याला आणि शाळेचा डबा. ताटाचा व्यास पट्टीने घ्या, बाकीच्यांत किती पाणी मावतं ते मोजपात्राने. डब्याचं माप तर सोन्यासारखं कामाला येतं, कारण डब्यात पदार्थ किती उंचीपर्यंत भरलाय हे फोटोत नेमकं दिसतं.

फोटो कसा काढायचा

मुलांना फार सूचना देऊ नका, दिल्या तर एकही पाळली जात नाही. पुढच्या एवढ्याच पुरेत.

ताट वाढून झालं की हात लावण्याआधी एक फोटो. फोन साधारण हातभर अंतरावर, थोडा तिरका, म्हणजे टेबलाशी ४५ अंशांचा कोन होईल असा धरायचा. बरोबर वरून काढलेल्या फोटोत पोळी छान दिसते, पण वाटी किती खोल आहे आणि भाताचा ढीग किती उंच आहे ते कळत नाही. समोरून अगदी आडवा काढला तर मागचं काही दिसत नाही. पोळ्या एकावर एक असतील तर किंचित सरकवायच्या, म्हणजे मोजता येतात.

ताटाशेजारी, ताट ज्या पृष्ठभागावर आहे त्याच पृष्ठभागावर, मापासाठी एक वस्तू ठेवायची. दहा रुपयांचं नाणं चांगलं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो आणि ते घरोघरी मिळतं. एटीएम कार्ड ठेवू देऊ नका. आकार ठरलेला असला तरी त्यावरचा नंबर फोटोत येतो.

फ्लॅश बंद. मिसळीच्या तर्रीवर आणि स्टीलच्या ताटावर तो असा चमकतो की खालचं काही दिसत नाही. खिडकीजवळचा उजेड उत्तम, रात्री ट्यूबलाइट चालते, फक्त आपली सावली ताटावर पडू द्यायची नाही.

खाऊन झाल्यावर दुसरा फोटो, ताट पूर्ण रिकामं असलं तरी. हा फोटो मुलं सर्वात जास्त विसरतात आणि त्याच्यावाचून पहिला अर्धा वाया जातो. डब्यात तीन पोळ्या गेल्या हे कळतं, पण दीड परत आली का, मैत्रिणीने एक खाल्ली का, हे कळत नाही. मध्ये पुन्हा वाढून घेतलं तर त्याचाही फोटो हवा. तो नसेल तर ‘आणखी एक पोळी, एक पळी आमटी’ असा निरोप चालेल.

फोटोसोबत दहा सेकंदांचा आवाजी निरोप मागवा. ‘मटकीची उसळ, वर शेव, दोन पाव, लोणी नाही.’ लिहायला सांगितलं तर मुलं ‘लंच’ एवढंच लिहितात, बोलताना मात्र तपशील सहज सांगतात. उसळीत खोबरं आहे की शेंगदाण्याचं कूट, दूध गाईचं की म्हशीचं, हे फोटोतून कळणं शक्य नाही.

बऱ्याच शाळांत फोन न्यायला परवानगी नसते. तिथे नियम मोडायला लावू नका. सकाळी डबा भरल्यावर घरी फोटो, परत आल्यावर उघड्या डब्याचा फोटो, आणि मधल्या सुट्टीत विकत घेतलेल्या गोष्टी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणायच्या. वेष्टन असेल तर ते दप्तरात ठेवायचं. वेष्टनाचा फोटो फार मोलाचा असतो, कारण त्यावर शंभर ग्रॅममागची ऊर्जा आणि पुड्याचं वजन दोन्ही छापलेलं असतं.

किती दिवस आणि कोणते

निदान तीन दिवस घ्या: शाळेचे दोन, लागोपाठ नसलेले, आणि एक रविवार. रविवारचं खाणं वेगळंच असतं, उशिरा नाश्ता, दुपारी मटण किंवा मासे, संध्याकाळी बाहेर. परीक्षेचा आठवडा आणि सणाचे दिवस टाळा. उपवासाचा दिवस आला तर तो वेगळा नोंदवा, आणि त्या दिवशी कमी खाल्लं असं मुळीच मानू नका. पन्नास ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चहाचे चमचे तूप घातलेली खिचडीची एक बशी चारशे किलोकॅलरीच्या (बोलताना आपण नुसती ‘कॅलरी’ म्हणतो ती हीच) आसपास जाते.

जेवणाच्या वेळेच्या थोडं आधी आठवण करून देणारा निरोप पाठवा. पेनिंग्टनच्या पद्धतीत अशा आठवणी हा मुख्य भागच आहे. निरोप छोटा आणि एकाच सुरातला असू द्या. ‘आज काय खास?’ असं विचारलंत की मूल खास दिसेल असंच वाढून घेईल.

स्वयंपाकघरातली चौकशी

इथे घाई करू नका. जेवण बनवणाऱ्या व्यक्तीशी, मग ती आई असो, आजी असो, बाबा असोत की मेसच्या मावशी, अर्धा तास निवांत बोला. तीन प्रश्नांत बरंच काम होतं. किती पिठाच्या किती पोळ्या होतात? भाजी किती आणि त्यात तेल किती पळ्या? घरात तेल महिन्याला किती लागतं आणि जेवणारी माणसं किती? तिसऱ्या प्रश्नावरून पहिल्या दोन उत्तरांची पडताळणी होते. भाजीत ‘थोडंसंच’ तेल आणि चार माणसांत महिन्याला पाच लिटर, हे जुळत नाही. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, माणशी रोज सदतीस-अडतीस ग्रॅम.

तेलाचा एवढा पाठपुरावा का, ते एका डब्यावरून पाहू. नववीतल्या एका मुलाच्या डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी आहे असं धरा.

आईने सांगितलं, अर्धा किलो कणकेच्या अठरा पोळ्या होतात. म्हणजे पोळीला सुमारे २८ ग्रॅम कणीक. शंभर ग्रॅम कणकेत साधारण ३२० ते ३४० किलोकॅलरी असतात, त्यामुळे पोळीच्या पिठाच्या झाल्या सुमारे ९०. घडीच्या पोळीत आतून-बाहेरून मिळून दोन ग्रॅम तेल धरलं तर आणखी १८. एका पोळीच्या ११० धरू, तिन्हीच्या ३३०.

भाजी चार जणांची: अर्धा किलो बटाटे, त्याचे सुमारे ४०० किलोकॅलरी. तेल तीन मोठे चमचे, म्हणजे ४० ग्रॅम, आणि स्निग्ध पदार्थांत ग्रॅमला ९ या हिशेबाने ३६०. एकूण ७६०. मुलाच्या वाट्याला चौथा हिस्सा आला तर १९०, त्यातले ९० एकट्या तेलाचे. फोटोत मात्र हे तेल जवळजवळ दिसतच नाही, कारण ते बटाट्याच्या फोडींत मुरलेलं असतं. फोटोवर विसंबणाऱ्याने या भाजीच्या शंभरच लिहिल्या असत्या.

संध्याकाळी डबा परत आला. दुसऱ्या फोटोत अर्धी पोळी शिल्लक आहे, भाजी संपली आहे. ५५ वजा केल्या की डब्यातून पोटात गेल्या सुमारे ४६५. क्लासच्या वाटेवर एक वडापाव आणि कटिंग चहा झाला. वडापाव नेमका किती, हे पावाच्या आकारावर आणि वड्याने किती तेल प्यायलं यावर ठरतं. साधारण आकाराचा तीनशेच्या आसपास धरतात. कटिंगचे दूध-साखरेसह साठ-सत्तर. म्हणजे डबा ४६५ आणि रस्त्यावरचं खाणं सुमारे ३६५. ज्याचा फोटो निघाला नसता ते डब्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त आहे.

तळणीच्या पदार्थांसाठी एक सोपा उपाय आहे. तळण्याआधी कढईतलं तेल तोलून ठेवायला सांगा, नंतर उरलेलं तोला, फरकाला नगांच्या संख्येने भागा. दिवाळीच्या चकलीसाठी हे एकदा कोणाच्या तरी घरी करून पाहा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या भागातला आकडा जास्त खरा असतो.

आकडे कुठून घ्यायचे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे नवे तक्ते काढले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. सुरुवात तिथूनच करा. दोन गोष्टी सांभाळा. या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, किलोकॅलरी हव्या असतील तर ४.१८४ ने भागायचं. आणि आकडे मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत, म्हणून ताटातला भात आधी तांदळात बदलावा लागतो. शंभर ग्रॅम तांदळाचा अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. तांदळाचे साडेतीनशे किलोकॅलरी भाताच्या वजनाला लावलेत तर उत्तर अडीच-तीन पट फुगेल. नवशिक्यांच्या वहीत हीच चूक सर्वात जास्त आढळते.

फोटो टाकला की कॅलरी सांगणारी ॲप्स आता भरपूर आहेत. पहिला कच्चा अंदाज म्हणून वापरायला हरकत नाही, पण आपल्या जेवणासाठी मी त्यांच्यावर काम सोपवणार नाही. फोटो ओळखण्याच्या संशोधनात गाजलेला फूड-१०१ हा २०१४चा संच घ्या. १०१ पदार्थांचे एक लाख एक हजार फोटो आहेत, त्यात समोसा आहे, पण भाकरी नाही, पिठलं नाही, उसळही नाही. पुढच्या संचांत भारतीय पदार्थ वाढले आहेत. तरीही पिठल्यातलं तेल आणि आमटीतला गूळ कुठलंच ॲप पाहू शकत नाही. ॲप वापरलंच तर पदार्थाचं नाव आणि वजन स्वतः दुरुस्त करा.

डोळा तयार करा

मुलांचे फोटो वाचण्याआधी स्वतःची परीक्षा घ्या. सहकाऱ्याला तोलून ताटं वाढायला सांगा, त्यांचे फोटो काढा आणि वजनं न पाहता अंदाज लिहा. मग खरं वजन पाहा. बहुतेकांचा कल ठरलेला निघतो: भात आणि उसळ कमी धरली जाते, पालेभाजी जास्त. तुमचा कल कुठे आहे ते कळेपर्यंत हे करत राहा. प्रत्यक्ष कामात प्रत्येक फोटो दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा. दोघांत वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर फोटो पुन्हा समोर घेऊन बोलायचं आणि तरीही प्रश्न राहिला तर मुलाला फोन करायचा. सरासरी काढून मोकळं होऊ नका. फरकाचं कारण बहुधा एकच निघतं, कोणीतरी दुसरी वाटी पाहिलेली नसते.

आलेला आकडा पटतो का

दिवसाची बेरीज झाली की ती मुलाच्या वजनाशी ताडून पाहा. १० ते १८ वयासाठी शोफील्डचं सूत्र वापरतात. शरीर नुसतं पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा मुलींसाठी १३.३८४ गुणिले वजन अधिक ६९२.६, आणि मुलांसाठी १७.६८६ गुणिले वजन अधिक ६५८.२. पंचेचाळीस किलोच्या मुलीचं उत्तर येतं सुमारे १,२९५ किलोकॅलरी. तुमच्या तीन दिवसांची सरासरी ११०० आली असेल आणि मुलगी रोज सायकलने शाळेत जाते, खो-खो खेळते, तर पहिला संशय सुटलेल्या फोटोंवर घ्या. तिच्याजवळ बसा, एकेक तास घेऊन विचारा: क्लास सुटल्यावर? बसस्टॉपवर? झोपण्याआधी?

मात्र दुसरी शक्यता नजरेआड करू नका. मुलगी खरोखरच कमी खात असेल. जेवण टाळणं, एकटीनेच खाणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, पाळी थांबणं, वजन झपाट्याने उतरणं, यातलं काही कानावर आलं तर कॅलरींचं काम तिथेच थांबवा आणि पालकांना विश्वासात घेऊन तिला डॉक्टरांकडे पोचवा.

याच कारणाने मुलांना दिवसाचा आकडा कधीही सांगू नका. या वयात शरीर वाढत असतं आणि आरशातल्या प्रत्येक बदलाचा अर्थ लावला जात असतो. ‘काल तू २,९०० खाल्लंस’ हे वाक्य एखाद्या मुलाच्या मनात वर्षभर राहील. २०२०च्या भारतीय शिफारशींत १३ ते १५ वयाच्या मुलांसाठी २,८६० आणि मुलींसाठी २,४०० किलोकॅलरी दिल्या आहेत, १६ ते १८ला ३,३२० आणि २,५००. हे गटासाठीचे, ठरावीक वजन धरून काढलेले आकडे आहेत. एकट्या मुलाला त्यांच्याशी तोलून ‘कमी’ किंवा ‘जास्त’ म्हणायचं नाही. ताटावर शेराही मारू नका. ‘वा, आज सॅलड!’ असं एकदा म्हणालात की पुढचे सगळे फोटो तुम्हाला खूश करण्यासाठी निघतील. पालक स्वतःच्या मुलासाठी हे करू पाहत असतील तर त्यांना माझं सांगणं आहे की आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. काही शंका असेल तर आहारतज्ज्ञाला भेटा.

निकाल लिहिताना

पेनिंग्टनच्या २०१२च्या अभ्यासात प्रौढांच्या फोटोंवरून काढलेला आकडा, डबली लेबल्ड वॉटर (खास खुणेचं पाणी पाजून शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते मोजणं) या अतिशय विश्वासार्ह पद्धतीशी ताडला, तेव्हा सरासरीत दिवसाला सुमारे १५० किलोकॅलरींचाच फरक निघाला. पण एकेका माणसाचा फरक त्याहून कितीतरी मोठा होता. तिथे प्रशिक्षित माणसं होती आणि फोटो मोठ्यांनी काढले होते. आपल्या कामात चूक याहून जास्तच धरावी. म्हणून वर्गाबद्दल बोला, एकेका मुलाबद्दल जपून. ‘२,०४७’ असं लिहू नका, ‘१,९०० ते २,२००’ असं लिहा. प्रत्येक दिवसापुढे किती वेळचे फोटो मिळाले, किती फक्त सांगण्यावरून घेतले आणि तेल घरून विचारलं की अंदाजाने धरलं, हे तीन रकाने ठेवा. वाचणाऱ्याला तुमच्या आकड्याचं वजन त्यावरूनच कळतं.

बेरजेपेक्षा कामाची माहिती बहुधा वेळांत असते. सकाळी सातला काही न खाता निघणारी मुलं किती, सहा तास डब्यावरच काढणारी किती, दिवसाचा मोठा वाटा रात्री नऊनंतर कोणाचा? शाळेशी बोलताना हे मांडा. मधली सुट्टी अर्धा तास पुढे-मागे करता येते, उपाहारगृहात उसळ-पाव ठेवता येतो. काम संपल्यावर फोटो कधी पुसणार त्याची तारीख संमतीपत्रात लिहिलेली असू द्या, त्या तारखेला ते फोनमधून, संगणकातून आणि बॅकअपमधूनही काढा, आणि काढल्याचं पालकांना कळवा.